चार पेट्यांमधला वारा

मला पदवी मिळाली ती एका खेळामुळे, आणि त्याआधी एकदा हुकली तीही त्याच खेळामुळे. आमच्या पाड्यावर माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. त्यामुळे काय शिकलीस म्हणून कुणी विचारलं की मला दोन वाक्यं पुरायची: कॉम्प्युटर शिकले, पास झाले. मधलं कुणी विचारत नसे आणि मीही सांगत नसे. आता केसांत पांढरं दिसायला लागलंय, आणि माझ्याच घरातली पोरं मला सांगतात की तुझ्या वेळी सगळं सोपं होतं. म्हणून लिहून ठेवते.

घोलवडला चिकूच्या वाडीत शेठची पॅकिंगची शेड होती. वर पत्रे, खाली कोबा, तीन बाजूंनी अर्ध्या भिंती आणि चौथ्या बाजूला ट्रक पाठीने लागेल एवढं मोठं दार. आई तिथे माल निवडायला जायची आणि बाबा त्याच वाडीत झाडावर असायचे, टोकाला जाळी बांधलेला बांबू घेऊन. आमचा पाडा तलासरीच्या बाजूचा. सकाळी टेम्पो यायचा, त्यात बायका उभ्याने, एकमेकींच्या खांद्याला धरून, रात्रीचं भांडण पुढे चालू ठेवत घोलवडपर्यंत जायच्या. शाळेला सुट्टी असली की मीही त्यांच्यात. शेडचा आवाज अजून माझ्या कानात आहे. गोणपाटावर चिकू घोळवून त्याची तपकिरी भुकटी काढायची, त्याची खसखस. पेटीवर टेप ओढल्याची करकर. मध्येच शेठचं गुजरातीतलं फोनवरचं बोलणं, "मोकलो, मोकलो, आजे ज मोकलो", म्हणजे माल आजच पाठवा. आणि स्टेशनावरून मालगाडी गेली की पत्र्यांची बारीक थरथर. चिकाने सगळ्यांचे हात काळे. आईचे हात रविवारीही काळेच असायचे.

शेडचे दोन कायदे होते. पहिला, भरलेली पेटी उचलायची नाही आणि ओढायचीही नाही, मागून ढकलायची. उचलली तर पुठ्ठ्याचा तळ सुटतो, ओढली तर बांधलेली पट्टी तुटते. गुडघा लावून, पाय लावून, सरकवत दारापर्यंत न्यायची. दुसरा कायदा वाऱ्याचा. चार पेट्या चारी बाजूंनी चिकटवून ठेवायच्या नाहीत, मध्ये मूठभर जागा सोडायची. याला "वारा ठेवणं" म्हणायचे. चिकू झाडावरून कच्चा उतरवतात आणि तो पेटीत बसल्या बसल्या पिकत जातो. पिकताना ऊब धरतो. चार पेट्या दाटीवाटीने बसल्या की मधल्या कोपऱ्याची ऊब बाहेर जात नाही, तिथला माल आधी पिकतो आणि पुढे पोचेपर्यंत त्याची लापशी होते. नवी बाई कामाला आली की आई तिला सांगायची, "चौघींना खेटून बसवू नको गं. गप्पा मारत बसतील नि पिकून जातील." दुसरा कायदा आई जिवापाड पाळायची. पहिला तिने कधीच पाळला नाही. ती पेटी पट्टीला धरून ओढायचीच. शेडचे मुकादम छगनमामा लांबून ओरडायचे, "मंजुळा, पट्टी तुटेल." आई म्हणायची, "तुटली तर मला बांध तिच्या जागी," आणि ओढायची.

हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो छगनमामांच्याच फोनवर. बटणांचा फोन, मागचं झाकण रबराने बांधलेलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे आडवे व्हायचे आणि मामा भिंतीला टेकून फोन नाकाशी धरायचे. एकदा मी मागून डोकावले. पडद्यावर एक गोदाम होतं, वरून बघितल्यासारखं. भिंती, थोड्या पेट्या, एक एवढासा माणूस, आणि जमिनीवर खुणा. माणसाने पेट्या ढकलत खुणांवर न्यायच्या. एका वेळी एकच पेटी ढकलता येते. ओढता येत नाही. पेटी कोपऱ्यात गेली की मेली, कारण तिच्या मागे जायला माणसाला जागाच उरत नाही. एवढाच खेळ. मी बघतच राहिले. कुणीतरी आमची शेड फोनमध्ये कोंबून ठेवली होती.

"मामा, ती पेटी कोपऱ्यात गेली. आता नाय निघायची."

"तू गप. मला शिकवते."

"मागे ओढता येत नाय?"

"नाय. ढकलायचंच. तुझ्या आईचं इथं काय चालणार नाय." आणि स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले.

फोन हातात द्यायला ते तयार नसायचे. पोरींच्या हातात दिला की बटणं झिजतात, असं त्यांचं म्हणणं. पोरांच्या हातात का झिजत नाहीत, हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला पाणी आणायला पाठवलं. मी पाणी आणलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. शेवटी कंटाळून त्यांनी फोन दिला, तोही अशा पायरीवर की जिथे ते स्वतः कित्येक दिवस अडकून होते. मी आधी काहीच दाबलं नाही. नुसती बघत बसले. मग शेवटची पेटी कुठून आत यायला हवी ते ठरवलं, तिच्या आधीची कुठून, तिच्या आधीची कुठून, असं उलटं येत गेले, आणि मग दाबलं. मामांनी फोन काढून घेतला, उलटा करून बघितला, जणू मागून काही घातलं होतं मी.

"चीटिंग केलीस."

"कशी करणार? तुम्ही बाजूलाच बसलात."

"तेच म्हणतो. कशी केलीस?"

पुढच्या हंगामात तो फोन चिकू धुवायच्या हौदात पडला आणि खेळ गेला. मला फोन गेल्याचं नाही, गोदाम गेल्याचं वाईट वाटलं. मग मी ते घरी बनवलं. शेडमधून फाटक्या पेटीचा पुठ्ठा आणला, त्यावर खिळ्याने चौकटी ओढल्या. पेट्या म्हणून चिकूच्या बिया, काळ्या, चकचकीत, कडेला पांढरी रेघ असलेल्या. माणूस म्हणून वालाचा दाणा. संध्याकाळी चुलीवर तांदळाची भाकरी टम्म फुगत असायची, तव्याच्या कडेला सुकट परतली जायची, तिच्या वासाने मांजर दारात येऊन बसायचं, आणि मी कुडाच्या भिंतीशी पुठ्ठा मांडून बसायचे. एकदा कोंबडीने माझा माणूसच खाल्ला. बाबा म्हणाले, "आता दुसरा मजूर लाव." त्यांना या खेळात तेवढाच रस.

आधी मी मामांच्या फोनमधली गोदामं आठवून काढली. ती संपल्यावर स्वतःची काढायला लागले, आणि स्वतःची म्हणजे काय, आमचीच शेड: हौद इथे, वजनकाटा इथे, दार तिकडे. एका संध्याकाळी मी दाराशी चार बिया नीट चौकोनात बसवल्या आणि जिंकले म्हणून हात झटकले. आई ताटली घेऊन शेजारून चालली होती. तिने खाली बघितलं आणि चालता चालता म्हणाली, "पिकले तुझे."

तिला ते बोलल्याचं नंतर आठवलंही नाही. पण मी त्या चार बियांकडे बघत बसले. मूळ खेळातही चार पेट्या खेटून चौकोन झाला की त्यांतली एकही हलत नाही, पण तिथे त्याला कारण नसतं, नुसती अडचण असते. आमच्याकडे कारण होतं. त्या दिवसापासून माझ्या खेळात नियम झाला: चार पेट्या खेटल्या की माल पिकला, डाव गेला.

बारावीनंतर डहाणूच्या कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. वर्गात मराठी बोलणारे होते, गुजराती बोलणारे होते, दोन्ही एका वाक्यात बोलणारे होते, आणि इंग्रजी बोलता येतं असं दाखवणारे होते. माझी मैत्रीण हेतल दोन्ही एका वाक्यात बोलणारी. तिच्या घरी कापडाचं दुकान, मन मोठं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा होता, बाहेरचे परीक्षक येऊन तो बघणार, आणि तो पास झाल्याशिवाय पदवी नाही. आमच्याकडे रीत अशी पडली होती की प्रोजेक्ट एका दुकानात तयार मिळायचा, सीडीसकट, बांधलेल्या फाईलसकट, वर नाव तेवढं आपलं घालायचं. ग्रंथालयाचा, हॉस्पिटलचा, हॉटेलचा. हेतलने हॉस्पिटलचा घेतला.

"तू पण घे ने. लायब्ररी अजून कुणी घेतली नाय."

"मी माझा करणार."

"अरे पण कशाला? डोकं कशाला खपवायचं?"

डोकं खपवायचं म्हणूनच तर आले होते इतक्या लांब. मी जुना स्मार्टफोन घेतला होता, त्यावर चालेल असा खेळ लिहायला घेतला. घरी कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा राहीपर्यंत बसायचे, मग परतीची जीप धरायचे. जीपमध्ये डोक्यातल्या डोक्यात पुढचं लिहायचे. शेड उभी राहिली, हौद आला, वजनकाटा आला, माणसाच्या जागी मी लुगडं नेसलेली बाई घातली. पेट्या खेटल्या की मधला कोपरा हळूहळू तपकिरी व्हायचा आणि खाली अक्षरं यायची: वारा ठेवला नाही.

आमच्या सरांना मी ते दाखवलं. सर वाईट नव्हते. त्यांना फक्त वर्षाच्या शेवटी कटकट नको होती.

"गेम? हा काय विषय झाला? हॉस्पिटल घे, लायब्ररी घे. लोकांच्या उपयोगाचं काहीतरी."

"सर, हॉस्पिटल मी आतून बघितलेलं नाही. शेड बघितलीय."

"आणि हे तपकिरी काय होतंय? रंग फाटतोय तुझा. ते काढ आधी."

"रंग फाटत नाही. चिकू पिकतोय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वनिता, तुझ्या भल्याचं सांगतो. तू घरातली पहिली शिकणारी. पास हो आणि सुट."

हे "घरातली पहिली" लोक मला नेहमी असंच सांगायचे, जणू पहिलीने खाली मान घालूनच आत शिरायचं असतं. आजही कुणी कुठल्या पोरीला या सुरात बोललं की माझं डोकं फिरतं. मी सरांना म्हणाले, पास होईन, पण यानेच होईन. त्यांनी खांदे उडवून सही केली.

घरी आईला सांगितलं तर आई सरांच्याच बाजूने. भाकरी थापताना म्हणाली, "देऊन टाक ना ती लायब्ररी. काय तुझ्या बापाचं जातंय?"

"ती माझी नाय."

"मग कोणती तुझी? पेट्या तुझ्या? मी जनम घालवला तिथं, मला नाय वाटत त्या माझ्या."

मी उठून पाणी भरायला गेले.

परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले ते उंच, इस्त्रीच्या शर्टातले, कमी बोलणारे. हेतलचं हॉस्पिटल त्यांनी चहा संपायच्या आत पास केलं. माझ्यापाशी ते थांबले. फोन हातात घेतला आणि चक्क खेळायला लागले, ते मला आवडलं. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. तिसरीला दाराजवळ पेट्यांहून जास्त खुणा होत्या, तिथे त्यांनी चार पेट्या अगदी शिस्तीत, चौकोनात आणून लावल्या, कुठल्याही शहाण्या माणसाने गोदामात लावाव्यात तशा. कोपरा तपकिरी झाला. डाव गेला.

"हा बग आहे. प्रोग्राममधली चूक."

"नाही सर. नियम आहे."

"जगभर हा खेळ असाच आहे, ढकला आणि खुणेवर न्या. त्यात हा नियम नाही."

"जगभर चिकू नाही भरत सर."

मागे कुणीतरी हसलं. आमचे सर खाली बघायला लागले. परीक्षकांना हसू आलं नाही. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि लॅबच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. त्यावर माझा प्रोग्राम उघडाच होता. "ही चार-पाच ओळींची गोष्ट आहे. आत्ता काढ. बाकीचं काम स्वच्छ आहे, मी पास करतो."

त्या ओळी मला पाठ होत्या. त्या पुसायला जेमतेम एक श्वास लागला असता. बोट बटणाजवळ गेलंही. मला टेम्पोतल्या बायका दिसल्या, असं काही मी म्हणणार नाही, तसं काही दिसलं नाही. मला एवढंच वाटलं की या ओळी काढल्या तर उरतो तो छगनमामांच्या फोनमधला खेळ, कुणा परक्याने केलेला, आणि मग दुकानातली लायब्ररी काय वाईट होती. मी हात मांडीवर ठेवला.

"नाही काढणार, सर."

"कारण?"

"काढला तर ती माझी शेड राहत नाही."

त्यांनी फाईलवर लिहिलं, काम अपूर्ण, पुन्हा सादर करावे. रागाने नाही लिहिलं. अक्षर वळणदार होतं.

पदवीच्या दिवशी हेतलने काळा झगा घालून फोटो काढले आणि मला पाठवले, आणि खाली लिहिलं, तुझी जागा सोडली होती. तिने खरंच बाजूला एका माणसाएवढी जागा सोडून फोटो काढला होता. मी त्या दिवशी शेडमध्ये होते. पुढच्या खेपेपर्यंत घरी बसून काय करणार, म्हणून आईबरोबर निवडायला जायला लागले होते. पाड्यावर कळलंच होतं. टेम्पोत एक काकी म्हणाली, "एवढं शिकून परत इथंच?" मी म्हणाले, "काकी, तुम्ही सरका, मला पण धरायला जागा द्या." छगनमामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिने माझ्या खेळात लुडबुड केली तेव्हाच मला कळलं होतं." पण जेवणाच्या सुट्टीत गुपचूप आले आणि म्हणाले, दाखव तरी काय केलंस. दोन दिवसांनी तक्रार घेऊन आले की बाईची चाल फार हळू आहे.

आई माझ्याशी तुटक बोलायची. काम झालं की पाठ फिरवायची. एक दिवस मी पट्ट्या कापत होते आणि फोन तिच्याशेजारी गोणपाटावर होता. मागून तिचा आवाज आला.

"ही ओढत का नाय?"

मी वळले. आई काळ्या बोटाने पडदा दाबत होती.

"यात ओढता येत नाही, आई. ढकलायचंच."

"कोण बोललं?"

"खेळच तसा आहे."

"मी तर ओढते. एवढी वर्षं ओढते. तुझी ही बाई काय आजारी आहे?" पुन्हा दाबलं. पेटी कोपऱ्यात गेली. आईने फोन हलवून बघितला, पेटी घरंगळून बाहेर येईल म्हणून. मग मी नव्याने सुरू करून दिलं, तर तिने चिडून चारही पेट्या एकमेकींना नेऊन भिडवल्या. कोपरा तपकिरी झाला. आईचा हात थांबला. तिने फोन जवळ घेतला, मग लांब धरला.

"हे बग," ती म्हणाली. "पिकला." आणि बाजूच्या बाईला ओढून दाखवलं, "हे बग, मधूनच पिकला. आपल्यासारखाच." मग दोघी-तिघी जमल्या आणि मुद्दाम पुन्हा पुन्हा पेट्या भिडवून माल पिकवायला लागल्या. जिंकण्यात कुणालाच रस नव्हता. त्यांना तो रंग चढताना बघायचा होता.

"त्या साहेबाने हेच काढ सांगितलेलं?" आईने विचारलं.

"हेच."

हातातला चिकू आईने गोणपाटावर घोळवला, बघितला, पेटीत ठेवला. "नको काढू," ती म्हणाली. "परत नापास केलं तर परत ये. इथं काम आहे."

पुढच्या खेपेला मी तोच खेळ घेऊन गेले. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, निदान सुरुवातीला चार ओळी समजावून तरी लिही. मी नाही लिहिल्या. आम्हाला कुणी लिहून दिलं होतं? चुकून माल गेला की कळायचं. फक्त एक गोदाम नवीन घातलं. त्यात दाराशी खुणा अशा होत्या की तीन पेट्या सहज बसतात आणि चौथीलाही तिथेच बसावंसं वाटतं, पण तिची खूण एक घर सोडून बाजूला, आणि तिथे जायचा रस्ता लांबून.

परीक्षक तेच होते. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची ओढली आणि फोनसाठी हात पुढे केला. पहिल्या पायऱ्या त्यांनी भराभर केल्या. लक्षात होत्या त्यांच्या. मग नवीन गोदाम आलं. एक पेटी लागली. दुसरी. तिसरी. चौथी ते ढकलत अगदी जवळ घेऊन आले, आणखी एकदा दाबलं असतं तर चौकोन पुरा झाला असता, आणि त्यांचं बोट वरच्यावर राहिलं. बाहेर पोरांचा गोंधळ चालला होता. त्यांनी बाईला मागे फिरवलं, लांबचा वळसा घेतला, आणि चौथी पेटी एक घर सोडून, मध्ये जागा ठेवून लावली.

"इथून वारा जातो," ते म्हणाले. विचारलं की सांगितलं, ते मला कळलं नाही.

"हो सर."

त्यांनी फाईल ओढून सही केली. मार्क भरभरून दिले नाहीत. मी मागितलेही नव्हते.

पदवीचा कागद मी शेडमध्ये घेऊन गेले तेव्हा आईचे हात काळे होते म्हणून तिने तो हातात घेतला नाही. लांबूनच बघितला, नाव कुठे आहे ते बोटाने हवेत विचारलं, मी दाखवलं. मग तिने पदराला बोट पुसून माझ्याकडे फोन मागितला. त्या नवीन गोदामात ती तेव्हा अडकली ती अडकलीच. अजूनही अडकलेली आहे. डोळे अधू झालेत, पडदा नाकाशी धरते, अगदी छगनमामांसारखी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मला म्हणते, "एवढी शिकलीस ना? मग एक पेटी तरी ओढू दे." माझ्यासाठी ती चार-पाच ओळींचीच गोष्ट आहे.

मी नाही म्हणते. तीही तेवढ्यावर सोडत नाही.